घरचा माणूस लढाईवर आणि मागे राहिलेलं घर : १९६२, ६५, ७१ च्या आठवणी

पाऊलवाट

गेल्या महिन्यात गावाकडच्या जुन्या घराची कौलं उतरवली. आढ्याजवळच्या फळीवर आजोबांची पलटणीतली पत्र्याची ट्रंक निघाली. काळा रंग, झाकणावर पांढऱ्या अक्षरांत नंबर आणि नाव. आत त्यांचे बूट किंवा पदकं असतील असं वाटलं होतं, पण निघाले ते कागद. १९७१ ची सतरा आंतर्देशीय पत्रं, मनिऑर्डरच्या पावत्यांची दोऱ्याने बांधलेली चळत आणि आजीच्या अंगठ्याचे ठसे असलेले दोन अर्ज.

आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत होते. ७१ ला आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईत होते. ११ डिसेंबरला जमालपूर पडलं आणि तिथून पलटण ढाक्याच्या दिशेने गेली. हे आम्ही लहानपणापासून शंभर वेळा ऐकलंय. पंगतीला, पारावर, लग्नाच्या मांडवात, कुठेही कुणीतरी विचारायचं आणि आजोबा सांगायचे. आजीला मात्र कुणी काही विचारलं नाही. मीही नाही. ती जाऊन नऊ वर्षं झाली आणि आता ही पत्रं वाचताना दर ओळीला तिला काहीतरी विचारावंसं वाटतंय.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. जवळजवळ प्रत्येक आळीतला एक तरी माणूस फौजेत. ७१ च्या पावसाळ्यानंतर आजोबा शाळू पेरायला रजेवर येणार होते. रजा रद्द झाली. पत्रात एवढंच आहे : 'सुट्टी बंद झाली आहे. पेरणीचे तू बघ.' घरी आजी, तीन पोरं, आंधळी सासू आणि एकच बैल. दुसरा बैल उन्हाळ्यात मेला होता.

पेरणी झाली ती इर्जिकीवर. ज्यांना हा शब्द माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो : गावातली माणसं आपापली औतं घेऊन एका दिवसात एकाचं रान उरकून द्यायची. मजुरी नाही, त्या दिवसाचं जेवण त्या घरी. त्या वर्षी फौजेतल्या माणसांच्या रानांची पेरणी आधी झाली, स्वतःची मागून. हे कुणी ठरवलं, बैठक झाली का, ते कुठे लिहिलेलं नाही. आजोबांच्या पत्रात नुसती एक ओळ आहे, 'इर्जिक झाली हे वाचून जीव खाली पडला.'

आजीला वाचता येत नव्हतं. पत्र आलं की मोठी मुलगी, म्हणजे माझी आत्या, चुलीपाशी बसून वाचायची. ती तेव्हा अकरा वर्षांची. पोस्टमन शेजारच्या गावचे. पत्रावर 'ए.पी.ओ.', म्हणजे फौजेच्या टपालाची खूण, दिसली की झोळीतली बाकी पत्रं मागे ठेवून ते आधी फौजेवाल्यांच्या घरी जायचे. तार म्हणजे काय हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. सायकल थांबायच्या आधीच बायकांचे हातपाय गळायचे. म्हणून कुणाची साधी तार असली की ते आळीच्या तोंडापासूनच ओरडत यायचे, "खुशालीची हाय वो, खुशालीची!" आत्या सांगते की एकदा ते न ओरडता आले. त्या घरापर्यंत सगळी आळी त्यांच्यामागे चालत गेली.

१६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, ती बातमी चावडीतल्या रेडिओवर कळली. आजोबांचं पत्र आलं जानेवारीत. लढाईबद्दल त्यात अवाक्षर नाही. 'मी सुखरूप आहे. शाळूला दुसरं पाणी दिले का?'

या दुसऱ्या पाण्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, कारण आजीने लिहवून घेतलेली पत्रं पलटणीबरोबरच कुठेतरी राहिली. आजीबद्दल एक मात्र घरात सगळ्यांना माहीत आहे. ७१ मध्ये शास्त्रीजींनी सांगितलं म्हणून तिने सोमवारची रात्रीची भाकरी सोडली आणि लढाई संपल्यावरही बरीच वर्षं ती धरली नाही.

तुमच्या घरी असं काही असेल तर इथे लिहा. लढलेल्यांचं लिहाच, पण मागे राहिलेल्यांचं जास्त लिहा.

खडकीकर

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. ६५ आणि ७१, दोन्ही वेळेस. ते कधी सीमेवर गेले नाहीत, त्यामुळे आमच्या घरात कुणी 'लढलं' असं आम्ही म्हणत नाही. पण तुमचा धागा वाचून वाटलं, का म्हणू नये?

सप्टेंबर ६५ मध्ये पाळ्या बारा-बारा तासांच्या झाल्या. रविवारची सुट्टी बंद. वडील सकाळी काळोखात जायचे आणि ब्लॅकआऊट असल्याने काळोखातच परत यायचे. दारू भरायच्या विभागात जाताना बाहेरचे कपडे उतरवायचे, आतले वेगळे घालायचे. काडेपेटी, विडी, खिशातली नाणी, बायकांच्या बांगड्यांपासून केसांतल्या आकड्यांपर्यंत सगळं दारावर. ठिणगी पडेल असं काहीच आत न्यायचं नाही. चपलासुद्धा आतल्या वेगळ्या. लहानपणी मला याची गंमत वाटायची. ते किती धोक्याचं काम होतं, हे आई अजिबात बोलायची नाही. वडिलांना यायला उशीर झाला की ती उंबऱ्यात येऊन कारखान्याच्या दिशेला कान लावून उभी राहायची. ती आवाजाची वाट बघत असायची, हे मला पन्नाशीत समजलं.

किती गोळे भरले, कुठे गेले, हे वडिलांनी निवृत्तीनंतरही सांगितलं नाही. एकदाच म्हणाले, "असल उत्तरच्या लढाईच्या बातम्या वाचल्या तेव्हा वाटलं, त्यातला एखादा तरी आपल्या हातचा असंल."

खडकी, देहूरोड, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव, भंडारा. या गावांमध्ये अशी हजारो घरं आहेत. त्यांच्याकडे ना पत्रं आहेत ना ट्रंका, फक्त ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या.

निळंशार

खडकीकर, तुमच्या आईचं वाचून थांबलेच जरा.

मी परळच्या चाळीतली. ७१ ला दहा वर्षांची होते. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि त्या रात्रीपासून आमची मुंबई काळी झाली. रस्त्यावरचे दिवे बंद, खिडक्यांना खाकी कागद, बल्बला कागदाची टोपी. गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने रंगवलेला. काचा फुटून अंगावर येऊ नयेत म्हणून त्यांच्यावर कागदाच्या पट्ट्या फुलीसारख्या चिकटवायच्या. त्यासाठी मैद्याची खळ करायचं काम आम्हा पोरांकडे होतं. चाळीतल्या बहात्तर खोल्यांची खळ आम्ही केली, त्यामुळे मजल्यामजल्यावरच्या सगळ्या घरांत मी पहिल्यांदा तेव्हाच गेले.

भोंगा खालीवर होत रडल्यासारखा वाजला तर धोका, एका सुरात सरळ वाजला तर धोका टळला. पहिला वाजला की सगळे तळमजल्यावरच्या जिन्याखाली. तिथे खालच्या मजल्यावरच्या आजी रामरक्षा म्हणायच्या, एक बोहरी कुटुंब होतं ते आपली दुआ म्हणायचं, मधेच एखादं बाळ रडायचं. वॉर्डन म्हणजे आमच्याच चाळीतले गिरणीतले दोन मामा, हातात शिट्टी. एरवी त्यांना कुणी विचारत नसे. पण त्या चौदा दिवसांत त्यांनी खालून "तिसरा मजला, कोपऱ्याची खोली, दिवा!" अशी हाक दिली की मोठमोठी माणसं धडपडत उठायची.

आमच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा नौदलात होता. ९ डिसेंबरला दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. ती बातमी आली त्या दिवशी चाळीत कुणी चूल पेटवली नाही, कारण काकूंचा मुलगा कुठल्या जहाजावर आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. काकूंनाही नाही. सहा दिवस बायका पाळीपाळीने त्यांच्याजवळ झोपल्या. आई रात्रीची पाळी घ्यायची, मी तिच्या कुशीत. काकू झोपायच्या नाहीत, नुसत्या खिडकीवरच्या कागदाकडे बघत असायच्या. मुलगा दुसऱ्या जहाजावर होता, सुखरूप होता. पण ती बातमी आल्यावर काकू आनंदाने ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या एकशे चौऱ्याण्णव घरांत आत्ता कोण झोपलंय त्यांच्याजवळ?"

देवराई

सुरेख धागा. एक दुरुस्ती सुचवतो, राग नसावा. सोमवारी एक वेळ जेवू नका हे लालबहादूर शास्त्रींचं आवाहन १९६५ चं. ११ जानेवारी १९६६ ला ताश्कंदमध्ये त्यांचं निधन झालं. म्हणजे ७१ च्या लढाईशी त्याचा संबंध नाही. ६५ मध्ये एकीकडे लढाई आणि दुसरीकडे धान्याची टंचाई. अमेरिकेच्या पी.एल. ४८० या धान्यमदतीच्या कायद्याखाली येणाऱ्या गव्हावर देश अवलंबून होता. 'जय जवान, जय किसान' तेव्हाचंच. सोमवारी संध्याकाळी हॉटेलं बंद असायची हे वडील सांगतात.

कोरांटी

आमच्या घरातली गोष्ट ६२ ची, आणि ती तितकी सरळ नाही.

चीनने हल्ला केला तेव्हा आजी पुण्यात सदाशिव पेठेत होती. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी सभा व्हायच्या, बायका हातातल्या पाटल्या काढून द्यायच्या. नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं जो तो म्हणू लागला. आजीने त्याच आठवड्यात पाटल्या दिल्या. त्या तिच्या आईच्या होत्या. पावती तिने शेवटपर्यंत देवघरात जपली. शेजारणींबरोबर बसून तिने जवानांसाठी स्वेटर विणले, हिरव्या लोकरीचे. बर्फात आपली मुलं सुती कपड्यांत लढली हे तिच्या फार मनाला लागलं होतं. सुरुवातीला एक बाही लांब, एक आखूड व्हायची. मग वाड्यातल्या एका बाईने पुठ्ठ्याचं माप कापून सगळ्यांना वाटलं.

इथपर्यंत अभिमानाने सांगता येतं. पुढचंही सांगायला हवं. जानेवारी १९६३ मध्ये सोने नियंत्रणाचा हुकूम आला. १४ कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी. आमच्या वाड्यातच एक सोनार कुटुंब राहायचं. त्यांचा धंदा महिन्या-दोन महिन्यांत बसला. चौदा कॅरटचं सोनं त्यांच्या हाताला वळायचं नाही आणि गिऱ्हाईकाला नको असायचं. त्यांनीही सभेत सोनं दिलं होतं, आजीच्या पुढे रांगेत उभं राहून. त्यांच्या मोठ्या मुलाने शाळा सोडली आणि सायकलच्या दुकानात कामाला लागला. कायद्याचं रूप पुढे बदललं, सोने नियंत्रण कायदा रद्द झाला १९९० मध्ये. त्या मुलाची शाळा काही परत आली नाही.

मागे राहिलेल्यांनी दिलं असं आपण म्हणतो तेव्हा हेही त्यात धरायला हवं असं मला मनापासून वाटतं. काहींनी हौसेने दिलं, काहींकडून गेलं.

खडकीकर

कोरांटी, पटलं. त्यात आणखी एक थर आहे. ज्यांच्याकडे पाटल्या नव्हत्या, त्यांनी सभेत न देता वर्षभर दिलं. ७१ च्या नोव्हेंबरपासून टपालावर निर्वासितांच्या मदतीसाठी पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. बांगलादेशातून जवळपास एक कोटी माणसं आली होती. आमच्या घरी महिन्याला दोन पत्रं जायची, ती एकावर आली. आई म्हणायची, एकात दोघांचं लिहा.

गवतफुला

पाऊलवाट, तुमच्या आजीच्या इर्जिकीवरून कच्छमधल्या माधापरच्या बायका आठवल्या. भुजच्या धावपट्टीवर ८ डिसेंबर ७१ च्या रात्री बॉम्ब पडले आणि पट्टी निकामी झाली. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक. दुरुस्तीला माणसं कमी होती. तेव्हा माधापर गावच्या बायका पुढे आल्या, सुमारे तीनशे. पोरांना शेजाऱ्यांकडे ठेवून आल्या. वरून दिसू नये म्हणून हिरव्या साड्या, भोंगा वाजला की झुडपांत पळायचं, सरळ वाजला की परत घमेलं डोक्यावर. पट्टीवर शेण सारवून ती झाकली. ७२ तासांत विमान उडेल अशी करून दिली. पुढे मिळालेलं पन्नास हजारांचं बक्षीस त्यांनी गावाच्या कामाला दिलं.

ज्या बायका रोज शेतात घमेली उचलतात त्यांना हे काम नवीन नव्हतं. नवीन होती ती फक्त वरची विमानं. माझे मामा वायुदलात तंत्रज्ञ होते, ते हे सांगताना नेहमी उठून उभे राहायचे.

दीपमाळ

लढाई संपल्यावर काय, तेही लिहायला हवं.

माझी मावशी ७२ मध्ये पुण्यात कॉलेजात होती. आठवड्यातून दोनदा त्या मुली लष्करी रुग्णालयात जायच्या, जखमी जवानांची पत्रं लिहून द्यायला. डावा-उजवा हात गेलेला, डोळ्यांवर पट्टी असलेला जवान सांगायचा, ती लिहायची. मराठी आणि हिंदी तिला यायचं, कानडीसाठी मैत्रीण. तिने एक गोष्ट मला फार वर्षांनी सांगितली. एक जवान दर वेळी लिहवायचा, 'पायाला थोडं लागलंय.' पाय गुडघ्याखाली नव्हता. मावशीने चार पत्रं तशीच लिहिली. पाचव्या वेळी ती लिहायची थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली. तेव्हा तो म्हणाला, "बरं, आज खरं लिहा. पण आईला नको, थोरल्या भावाच्या नावाने लिहा."

खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, १९१७ पासूनची संस्था. अपंग झालेल्या जवानांना तिथे हातात काम शिकवतात. मावशीने ज्याचं पत्र लिहिलं तो पुढे तिथेच शिकला. गावी जाऊन त्याने शिलाई मशीन टाकलं. त्याच्या निवृत्तिवेतनाचे कागद मात्र एका कचेरीत दोन वर्षं पडून होते. प्रत्येक फेरीला एसटीने जायचं, जिना चढायचा, 'साहेब नाहीत' ऐकून उतरायचं. त्याच्या बरोबर दर वेळी थोरला भाऊ जायचा, रानातलं काम टाकून. त्या भावाच्या फेऱ्या कोणत्या खात्यात धरायच्या?

सागरगोटा

आमच्या पणजोबांचं नाव एका परदेशी दगडावर आहे, हे आम्हाला सहा वर्षांपूर्वी कळलं. रायगडातलं आमचं गाव, माणगावच्या अंगाला. त्याच भागातले नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४ ला इटलीत बावीसाव्या वर्षी मशीनगनवर एकटे चालून गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांचा पुतळा आहे, त्यामुळे त्यांचं नाव पोरापोराला ठाऊक. आमचे पणजोबा त्याच सालात त्याच देशात गेले, पण घरात फक्त 'इटालीला गेले ते आले नाहीत' एवढंच होतं. पणजीने कुंकू पुसलं नव्हतं. कुणी सांगायला आलंच नाही म्हणायची, मी का पुसू. तिने सतरा वर्षं मोलमजुरी करून दोन मुलं मोठी केली.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर १९१४ ते २१ आणि १९३९ ते ४७ या काळात गेलेल्या सैनिकांची नावं शोधता येतात. पलटण, क्रमांक, बऱ्याचदा वडिलांचं आणि गावाचं नावही असतं. इंग्रजी स्पेलिंग चित्रविचित्र असतात, म्हणून चार-पाच तऱ्हांनी शोधा. पणजोबांचं नाव इटलीतल्या फोर्लीच्या दहनस्मारकावर आहे. ज्यांच्या घरी ६२ नंतरचं काही असेल त्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं. मराठा पलटणीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावला आहे. जुनं डिस्चार्ज बुक हाताशी असलं तर काम सोपं होतं, त्यात नंबर असतो. तो नंबर ट्रंकेच्या झाकणावरही असतोच.

पाऊलवाट

सगळ्यांचे उपकार. काल आत्याकडे गेलो होतो, सतराही पत्रं घेऊन. संध्याकाळपासून रात्री दीडपर्यंत बसलो.

आधी देवराईंचं. तुमचं बरोबर. आत्या म्हणाली, आजीचा सोमवार तर लग्नाआधीपासूनचा, महादेवाचा. दिवसभर उपास आणि तिन्हीसांजेला सोडायचा. ६५ मध्ये शास्त्रीजींनी नेमकं सोमवारच्या संध्याकाळचंच जेवण सोडायला सांगितलं, मग उपास सोडायचा कधी? आजीने मार्ग काढला की सोमवारचा उपास मंगळवारी सकाळी सोडायचा. शास्त्रीजी गेल्यावरही तिने ते तसंच ठेवलं. ७१ मध्ये आजोबा लढाईवर होते म्हणून आम्ही दोन्ही एकात मिसळलं.

दुसऱ्या पाण्याचंही कळलं. विहीर चार घरांत सामाईक, डिझेल इंजिन एक, पाळी चार दिवसांनी. आमची पाळी आली तेव्हा डिझेलच मिळेना. मिळालं तोवर पाळी उलटून गेली होती. शाळू पोटरीत आलेला, पाणी चुकलं असतं तर कणसंच भरली नसती. शेजारच्या जाऊबाईंनी, म्हणजे चुलत घरातल्या, आपली रात्रीची पाळी दिली. त्यांचं स्वतःचं रान त्या खेपेला कोरडं राहिलं. मालक त्यांचेही फौजेत, जम्मूकडे.

दारं धरायला गडी नव्हता. आजी आणि त्या दोघी कमरेला पदर खोचून रात्रभर पाण्यात. एका वाफ्याचं दार फोडायचं, भरला की मातीने बांधायचं, पुढचं फोडायचं. आत्या बांधावर कंदील धरून. डिसेंबरची थंडी, पाय बधिर झालेले. मध्यरात्री इंजिन बंद पडलं, तेव्हा पोस्टमनना त्यांच्या गावातून उठवून आणलं कारण इंजिनातलं त्यांना कळायचं. ते सायकलवर आले. त्यांना बघून दोघी बायका आधी घाबरल्याच. आळीच्या तोंडापासून ओरडायची सवय होती ना त्यांना, तर अंधारातून बांधावर चढता चढता तिथूनही ओरडले, "इंजिनासाठी आलोय वो, कागद नाही!"

आत्याने इर्जिकीला आलेल्या घरांची नावं सांगितली. औतं आठ, माणसं एकोणीस. वहीत लिहिली आहेत, त्यातली सहा घरं अजून गावात आहेत. जाऊबाई हयात आहेत, मुलाकडे कराडला असतात. सागरगोटा म्हणतात तसा नंबर ट्रंकेवर आहेच. पण बेळगावला पत्र पाठवायच्या आधी रविवारी कराडला जातोय.